पतंग मोजले, माणूस कोण मोजणार?

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील जिरायतदार शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणावरून)



आजचा विषय वाचून काही जणांनी विचारले, ज्वारीच्या भावाचे सोडून हे दवाखान्याचे आणि मोबाईलचे काय काढले? प्रश्न रास्त आहे. मी शिकलो शेतीशास्त्र, डॉक्टरकी नव्हे. म्हणून मला जे कळते तिथूनच सुरुवात करतो. बोंडअळीपासून.

इथे ज्वारीवाले जास्त, कापूसवाले थोडे. पण जे आहेत त्यांना कामगंध सापळा ठाऊक आहे. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीने नुकसानीची पातळी गाठली असे धरायचे आणि मग औषधाचा विचार करायचा. २००९ पासून महाराष्ट्र सरकारने याचीच मोठी व्यवस्था उभी केली. तिला क्रॉपसॅप म्हणतात. कीड सर्वेक्षक ठरलेल्या शेतात जातो, अळ्या मोजतो, पतंग मोजतो, आकडे संगणकावरून वर धाडतो. कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ ते पाहतात आणि सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो. सल्ला उशिरा येतो, कधी येतच नाही, ही तुमची तक्रार मला मान्य आहे. पण रचना लक्षात घ्या. शेतातला आकडा वर गेला, वर कोणी तरी त्यावर डोके चालवले आणि उत्तर परत शेतात आले. आजच्या सगळ्या बोलण्याचे मूळ या तीन पायऱ्यांत आहे.

आता २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आठवा. कपाशी डोक्याएवढी वाढलेली. हवा कोंदट. फवारा अंगावरच येणार. दोन-तीन औषधे एकत्र कालवून फवारायची सवय, तोंडाला बांधायला फडक्याखेरीज काही नाही. त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले, काहींची दृष्टी अधू झाली. रुग्ण पावसाळ्यातच दाखल होऊ लागले होते. राज्यभर बोभाटा व्हायला मात्र सप्टेंबर सरावा लागला.

असे का झाले? डॉक्टर वाईट होते म्हणून? मला तसे वाटत नाही. एका आरोग्य केंद्रात दोन माणसे आली, तिथल्या डॉक्टरने दोन पाहिली. शेजारच्या केंद्रात तीन आली, त्याने तीन पाहिली. फवारणारा मजूर एका गावचा, शेत दुसऱ्या गावचे. घरच्यांना वाटले उन्हाची भोवळ आली. सगळ्या केंद्रांचे एका आठवड्याचे आकडे कोणी शेजारी-शेजारी मांडले असते, तर शाळेतल्या पोरालाही कळले असते की काही तरी भलते घडते आहे. फवारणी आठ दिवस थांबवता आली असती. अॅट्रोपीनची इंजेक्शने वेळेवर गावोगाव पोहोचवता आली असती. पतंग मोजण्याची व्यवस्था आठ वर्षे चालू होती. फवारणाऱ्या माणसासाठी त्या तोडीची व्यवस्था नव्हती. पिकाला सर्वेक्षक आणि माणसाला पंचनामा, असा हा कारभार.

कोणी म्हणेल, ते जुने झाले, आता सगळे ऑनलाईन आहे. ठीक. मग ऑनलाईनचाही हिशेब मांडू.

२०२० सालच्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. करोनाचा कहर होता. माणसे तुमच्या उंबऱ्यावर आली, कपाळासमोर तापमापक धरला, बोटाला ऑक्सिमीटर लावला, घरात कोणाला साखर आहे, कोणाला रक्तदाब आहे, सगळे विचारले आणि ॲपमध्ये भरले. काम चांगले होते. ज्याचा ऑक्सिजन ९५ च्या खाली त्याला वेळेत हलवायचे, हे त्यातून साधायचे होते. पण मी विचारतो, त्या दिवशी तुमच्या घरातल्या माणसांचे जे आकडे लिहिले गेले, त्याचा कागद तुमच्यापैकी कोणाच्या घरी आहे? हात वर करा. आपल्या गावात साखरेचे किती आणि रक्तदाबाचे किती निघाले, हे तुमच्या ग्रामसभेत कोणी वाचून दाखवले?

२०१५ पासून सरकार मातीची आरोग्य पत्रिका देते. नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती, सामू किती, सगळे छापून शेतकऱ्याच्या हातात. मातीला पत्रिका मिळते. माती कसणाऱ्याच्या रक्ताचा आकडा मात्र ॲपमध्ये जातो आणि तिथेच राहतो.

पुढे २०२१ च्या मे महिन्यात अठरा वर्षांवरच्यांना लस सुरू झाली, तीही मोबाईलवर आधी नंबर लावून. तेव्हा काय गंमत झाली ते ग्रामीण महाराष्ट्राने पाहिले. शहरातली पोरे संगणकावर बसून खेड्यातल्या केंद्रांचे नंबर लावायची आणि गाडी काढून लस घ्यायला यायची. गावची म्हातारी पारावर आणि पुण्याची मोटार दवाखान्याच्या दारात. शहरातल्या पोरांचा यात दोष नाही, त्यांनाही जीव प्यारा. दोष रांग लावणाऱ्याचा. ज्याच्या हातात यंत्र तो पुढे, अशी रांग लावली की जिरायतदार शेवटी उभा राहणार हे ठरलेलेच. जूनमध्ये केंद्रावर जाऊन तिथेच नाव नोंदवायची मुभा सर्रास झाली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

म्हणजे यंत्रच नको का? मी तसे म्हणणार नाही. ज्यांनी ट्रॅक्टरला विरोध केला त्यांची नांगरट कोणी करून दिली नाही. यंत्र कोणाच्या सोयीने चालते ते पाहिले पाहिजे, आणि नीट चाललेली दोन उदाहरणे मला ठाऊक आहेत.

पहिले रक्तदाबाचे. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा. तिथे आणि कापसाच्या वर्धा जिल्ह्यात २०१८ पासून रक्तदाबाच्या रुग्णांचा एक कार्यक्रम सुरू झाला. रुग्णाच्या हातात एक कार्ड. दवाखान्यात गेले की नर्सबाई मोबाईलने त्या कार्डावरची खूण टिपते, दाब मोजते, आकडा भरते, अर्ध्या-एक मिनिटाचे काम. खरी करामत पुढे आहे. जो रुग्ण ठरलेल्या तारखेला आला नाही त्याचे नाव यादीत आपोआप वर येते आणि नर्सबाई त्याला फोन करते, "बाबा, गोळ्या संपल्या असतील, का आला नाहीत?"

आपल्या माणसाची रीत तुम्हाला माहीत आहे. रक्तदाब दुखत नाही. पंधरा दिवस गोळी घेतली, बरे वाटले की बंद. त्यात दवाखान्याला जायचे म्हणजे एक रोज बुडाला, एसटीचे भाडे गेले, आणि ज्वारीच्या काढणीचे दिवस असले तर जाणार तरी कोण? गोळी फुकट असते, गोळीपर्यंतची वाट फुकट नसते. मग एके दिवशी खळ्यावरच अर्धे अंग लुळे पडते आणि पुण्याच्या दवाखान्यात जमीन गहाण पडते. फोन करणारी एक बाई यातली काही घरे वाचवू शकते. हेही पाहा की आकडा रुग्णाच्या कार्डावर राहतो. वरचा १४० च्या आत आणि खालचा ९० च्या आत हवा, हे त्याला स्वतःला वाचता येते.

दुसरे उदाहरण क्षयाचे. गोळ्यांच्या पाकिटावर अशी सोय केली की गोळी बाहेर काढली की मागे लपलेला फोन नंबर दिसावा. रुग्णाने त्या नंबरला नुसता मिस्ड कॉल द्यायचा. पैसा खर्च नाही, साधा बटनाचा फोन चालतो, आणि आज गोळी काढली गेली हे केंद्राला कळते. लबाडी करणारा गोळी फेकून कॉल देईल, हे खरेच. पण ज्याने ही युक्ती काढली त्याने आधी रुग्णाचा खिसा पाहिला आणि मग यंत्र पाहिले. आपल्याला अशी माणसे हवीत.

यात आशाताईंचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. गरोदर बाईची नोंद, बाळाचे वजन, क्षयाचा रुग्ण, आरोग्य कार्ड, सगळ्यांचे ॲप वेगळे आणि माणूस एकच. सुप्याकडच्या वस्त्यांवर रेंज शोधत टेकाडावर चढणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. २०२३ च्या संपात ऑनलाईन कामाची सक्ती नको ही त्यांची एक मागणी होती. तेवढ्यावरून त्यांना आळशी ठरवणाऱ्यांनी एक महिना त्यांची वही सांभाळून दाखवावी. माहिती भरणाऱ्याच्या वेळेचा उत्पादन खर्च कोणी धरतच नाही. आपल्या ज्वारीचेही तेच आहे, म्हणून आपल्याला हे लवकर कळावे.

आता भीतीचे बोलू. चौदा आकडी आरोग्य क्रमांक, ज्याला आभा म्हणतात, तो घेणे ऐच्छिक आहे. तो नसला म्हणून कोणी उपचार नाकारत असेल तर त्याला लेखी द्यायला सांगा. माझे मत विचाराल तर क्रमांक घेण्यात वावगे काही नाही. जुने रिपोर्ट हरवत नाहीत. पण कोणालाही अंगठा आणि ओटीपी देण्याआधी, माझा कागद कोण-कोण पाहणार, हे विचारायचे. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर चोरांनी हल्ला केला आणि कित्येक दिवस तिथले काम हाताने कागदावर चालवावे लागले. दिल्लीचे हे, तर तालुक्याच्या दवाखान्याचे काय सांगावे. कागद आणि यंत्र दोन्ही हवे म्हणतो ते यासाठी.

मागायचे काय, ते सांगतो. आकडा परत आला पाहिजे. ज्याचा दाब, ज्याची साखर, त्याच्या हातात त्याची वही. आणि गावाचे एकूण आकडे, नावे न घेता, ग्रामसभेत.

याला नवे काही लागत नाही. २००७ पासून महाराष्ट्रात आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला पुणे जिल्हा होता. गावकरी बसून आपल्या केंद्राला हिरवा, पिवळा, लाल शेरा द्यायचे, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना त्याची उत्तरे द्यावी लागायची. सगळे कागदावर. आज त्याच कागदाचा फोटो एका मिनिटात जिल्ह्याला जातो. गावात आरोग्य व पोषण समिती आहे, केंद्रात रुग्ण कल्याण समिती आहे. किती जण त्यांच्या बैठकीला गेलात, ते विचारत नाही.

केंद्राच्या दाराशी फळा हवा. प्रतिसर्पविषाच्या कुप्या आज किती शिल्लक, अॅट्रोपीन किती, डॉक्टर हजर की रजेवर. घोणस चावलेल्या माणसाला घेऊन तीस किलोमीटर जायचे आणि तिथे लस नाही म्हणून ऐकायचे, हा खेळ थांबला पाहिजे. सापाच्या दंशाची सक्तीने नोंद करावी असे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्यांना कळवले आहे. नोंद होते की नाही, हे पाहायला केंद्रावर आपणच गेलो पाहिजे.

तोवर आपली वही आपण ठेवू. येत्या हंगामात प्रत्येक गावात एकाने फवारणीची विषबाधा आणि साप चावल्याची नोंद ठेवायची. तारीख, वय, काय फवारले किंवा कोणता साप, कुठल्या दवाखान्यात नेले, किती वेळ लागला. नाव लिहायचे नाही. डोळ्यांतून-तोंडातून पाणी, बाहुली बारीक, घाम, उलटी, श्वास जड, अशी लक्षणे दिसली की अंगावरचे कपडे उतरवून साबणाने धुवायचे, १०८ ला फोन करायचा आणि औषधाचा डबा सोबत न्यायचा. लेबल पाहिल्याशिवाय डॉक्टरला अंदाजाने चालावे लागते. दर रविवारी पानाचा फोटो तालुक्याच्या प्रतिनिधीकडे. एका आठवड्यात शेजारच्या गावांतून मिळून तीन नोंदी आल्या, की सोमवारी सकाळी आपण तालुका आरोग्य अधिकारी आणि कृषी अधिकारी, दोघांच्याही टेबलासमोर.

वह्या आणल्या आहेत. इंदापूरकरांच्या डाव्या हाताच्या टेबलावर, बारामतीच्या खिडकीपाशी. गावाचे नाव लिहून सही करा आणि घेऊन जा. ज्या गावात स्मार्टफोनवाला कोणी नसेल त्यांनी वही एसटीने पाठवावी, चालेल.