मुदत आपली चुकली, पोरांची चुकू नये
(कापूस-ज्वारी उत्पादकांच्या जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावावर बोलणारे वक्ते आमच्या आधी होऊन गेले. आम्ही शेतीची पदवी घेतलेले, तेव्हा आम्ही बोंडअळीवर नाहीतर ज्वारीवर बोलू अशी तुमची अपेक्षा असणार. पण आज आम्ही बोलणार आहोत कायद्याच्या कॉलेजात जाण्यासाठी पोरांना जी प्रवेश परीक्षा द्यावी लागते तिच्यावर. मंडपात कुजबुज झाली ती ऐकू आली. कोरडवाहू शेतकऱ्याचा या परीक्षेशी काय संबंध? तो आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका गावात कपाशीचे बियाणे उगवले नाही. पाऊस झाला होता, वाफसा चांगला होता, धुऱ्यापलीकडे दुसऱ्या वाणाची रोपे वीतभर झाली होती. सदतीस जणांवर दुबार पेरणीची पाळी आली. आम्ही काय केले? मोर्चा काढला. निवेदन दिले. पंचनामा झाला. कंपनीचा माणूस आला, "वर कळवतो" म्हणाला आणि गेला. आम्ही पुन्हा निवेदन दिले, पुन्हा मोर्चा काढला. असे दोन हंगाम गेले. मग जिल्ह्याच्या गावी वकिलाकडे गेलो. त्याने कागद चाळले आणि एकच प्रश्न विचारला, "नुकसान कधी झालं?" तारीख सांगितली. तो म्हणाला, "ग्राहक मंचात दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तुम्हाला अडीच झाली. उशीर माफ होतो, पण कारण सबळ लागतं."

आमचे कारण सबळ ठरले नाही. सदतीस घरांचा दावा दारातूनच परत आला. दोष दुसऱ्या कुणाला देत नाही. मोर्च्याची तारीख आम्हाला पाठ होती, मुदतीची नव्हती. ही चूक आमची.

आणि कायदा तर आपल्या बाजूचा होता! २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात राष्ट्रीय बियाणे महामंडळाविरुद्ध आंध्रातल्या शेतकऱ्यांचा खटला निघाला. महामंडळाचे म्हणणे, बियाण्यासाठी १९६६ चा वेगळा कायदा आहे, शेतकऱ्याने ग्राहक मंचात येऊ नये. शिवाय बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही. न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. शेतकरी हा ग्राहक आहे, आणि पेरणीसाठी घेतलेल्या बियाण्यातले थोडे तो तपासणीसाठी राखून ठेवील अशी अपेक्षा धरता येत नाही, असे सांगितले. आपल्यातल्या कुठल्याही म्हातारीला हे ठाऊक आहे. पण ते न्यायाधीशापुढे, वेळेत आणि कलम दाखवून मांडणारा माणूस लागतो. तो माणूस आपल्या घरातला का असू नये?

हे नवे नाही. ज्यांच्या नावाच्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठात आम्ही शिकलो, ते पंजाबराव देशमुख शेतकऱ्याच्या घरचे. १८९८ साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी जन्मले, विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाले आणि परत येऊन अमरावतीत वकिली केली. १९५२ ते १९६२ ते देशाचे कृषिमंत्री होते. शेतीचे विद्यापीठ ज्यांच्या नावाचे, ते कायद्याचे शिक्षण घेतलेले होते.

आता परीक्षेकडे येऊ.

आपल्या राज्यातल्या कायद्याच्या कॉलेजांसाठी राज्याची सीईटी असते. २०१६ पासून प्रवेश तिच्यावर होतात. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पदवीनंतर तीन वर्षांचा. खुल्या गटाला बारावीत किंवा पदवीला ४५ टक्के लागतात, राखीव गटांना सवलत आहे. वयाची अट नाही. म्हणजे घरात पदवी झालेली सून असेल तर तीही बसू शकते. पेपर दोन तासांचा, संगणकावर, इंग्रजी आणि मराठीतून. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

दुसरी परीक्षा क्लॅट. ती देशभरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी. आपल्या राज्यात अशी तीन आहेत : मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. ती फक्त इंग्रजीतून होते आणि तिथे चार उत्तरे चुकली की एक गुण गेला. फीही मोठी आहे. ज्याचे इंग्रजी पक्के त्याने जरूर बसावे, पण ती हुकली म्हणजे वकिली हुकली असे समजू नये. जिल्ह्याच्या कॉलेजात शिकलेल्या वकिलालाही पुढे तीच बार कौन्सिलची परीक्षा द्यावी लागते आणि अंगावर तोच काळा कोट येतो.

सीईटीत काय विचारतात? कायद्याची समज, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी. कायद्याची समज म्हणजे कलमे पाठ असणे एवढेच नव्हे. समजा एक नियम दिला : माल डोळ्यांनी बघून घेतला तर उघड दिसणाऱ्या दोषाबद्दल नंतर तक्रार चालणार नाही. मग हकीकत दिली : एका शेतकऱ्याने बाजारात लंगडणारा बैल बघून घेतला आणि आठ दिवसांनी पैसे परत मागितले. मिळतील का? आपली पोरे लगेच "मिळतील" लिहितात, कारण जीव शेतकऱ्याकडे ओढतो. उत्तर आहे, नाही. दिलेला नियम दिलेल्या हकीकतीला लावायचा, आपली माया मध्ये आणायची नाही. आता बैल लंगडत नव्हता, आतून आजारी होता असे म्हटले, तर दोष उघड नव्हता. मग त्या नियमाने तक्रार अडत नाही. एक शब्द बदलला की निकाल बदलतो. हे वाचनाचे काम आहे, आणि ते रोज केल्याशिवाय येत नाही.

आमच्या त्या सदतीस घरांपैकी एका घरात मुलगी आहे. दावा परत आला त्या दिवशी तिने आम्हाला विचारले, "काका, दोन वर्षांची मुदत असते हे तुमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं?" आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे तिने कायद्याला जायचे ठरवले. बाप म्हणाला, "भाऊ, एकरभर वावर इकतो, पण पोरीले पुण्याच्या क्लासले टाकतो." आम्ही त्याला हात जोडले. क्लास वाईट असतो असे नाही, पण वावर विकून लावलेल्या क्लासाचे ओझे पोरीच्या डोक्यावर बसते आणि त्या ओझ्याखाली पेपर सुटत नाही.

तिने घरीच अभ्यास केला. रोज एक मराठी अग्रलेख आणि एक इंग्रजी. लेखकाचे म्हणणे काय आणि त्याने पुरावा काय दिला, हे दोन ओळींत वहीत उतरवायचे. अडलेले इंग्रजी शब्द त्याच वहीत. इंग्रजी टाळून चालणार नाही, कारण खालच्या कोर्टात मराठी चालते, पण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत असतात. राज्यघटना मराठीत मिळते, ती तिने संध्याकाळी थोडी थोडी वाचली. शेकडेवारी आणि व्याज तर सोसायटीच्या कर्जावरच शिकली. दर रविवारी घड्याळ लावून दोन तासांचा जुना पेपर. तपासताना किती बरोबर आले यापेक्षा चुकले ते का चुकले हे लिहायचे.

तरी पहिल्या वर्षी ती मागे राहिली. का? परीक्षा संगणकावर, आणि तिच्या हाताला माऊसची सवय नव्हती. शेवटचे पंधरा-वीस प्रश्न बघायचेच राहिले. यंदा ती पुन्हा बसते आहे. गावात लोक बापाला म्हणतात, एकदा झाले ना, आता लग्न उरका. मंडळी, मृगाचे पेरलेले दडपले तर आपण वावर विकतो का? दुबार पेरतो. मग पोरीच्या बाबतीत एवढी घाई कशाची?

आम्ही चार गोष्टी मागतो. एक, ज्या गावात संगणक असेल तिथे रविवारचे दोन तास पोरांना तो मोकळा द्यावा. दोन, तालुक्याला जुन्या पेपरांचा एक गठ्ठा असावा आणि तो फिरता राहावा. तीन, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, ज्याला जे लागू असेल ते आजच काढायला टाका. गुण असून कागदासाठी जागा गेलेली पोरे आम्ही पाहिली आहेत. चार, वेचणीच्या दिवसांत परीक्षेला बसणाऱ्या पोराला, आणि पोरीलाही, सकाळचे दोन तास वावरातून सुट्टी द्या. दोन तासांत जेवढा कापूस वेचला जाईल तेवढाच तुमचा तोटा.

पुढच्या मेळाव्याला प्रत्येक गावाने एक नाव घेऊन यावे. फॉर्म भरायची शेवटची तारीख त्या नावापुढे लिहिलेली असावी. तारीख कशी चुकते हे आम्ही सदतीस घरांच्या नुकसानीतून शिकलो आहोत. तुम्हाला ते फुकट शिकता येईल.

एवढे सांगून आम्ही थांबतो.