वेनेझुएलाचा पहिला पिचर आणि करारातले एक कलम



आमची हयात कामगारांचे करारनामे वाचण्यात गेली. मग व्याख्यानाला हा अमेरिकन चेंडूफळीचा विषय कोठून काढला, असे आपण म्हणाल. सांगतो.

बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपला गोलंदाजच. फक्त चेंडूला टप्पा पडू द्यायचा नाही. असा एक पिचर १९१२ साली कराकस शहरात जन्मला, आलेहांद्रो कारास्केल. लोक त्याला 'पातोन', म्हणजे मोठ्या पावलांचा, म्हणत. क्यूबात खेळताना वॉशिंग्टन क्लबच्या माणसाने त्याला हेरले. क्लबचा मालक ग्रिफिथ हात आखडून खर्च करणारा. तिकडचे खेळाडू त्याला स्वस्त पडत. २३ एप्रिल १९३९ रोजी कारास्केल अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये उतरला. वेनेझुएलाचा पहिलाच माणूस! समोर न्यूयॉर्कचा यांकीज संघ, गेहरिग आणि डिमाजिओ यांचा. त्या काळी काळ्या खेळाडूंना ही लीग बंद होती. दक्षिणेकडून आलेल्याची आधी कातडी पाहत, मग हात.

सात हंगामांत त्याने वॉशिंग्टनसाठी ५० सामने जिंकले, ३९ गमावले. पण करारात एक राखीव कलम असे. हंगाम संपला तरी खेळाडू क्लबचाच. ठेवले तर राहायचे, विकले तर जायचे. दुसरीकडे चार पैसे जास्त मिळत असले तरी आपण होऊन जायचे नाही. आमचा साचेवाला निदान नाका ओलांडून दुसऱ्या गिरणीत तरी जाऊ शके! १९४६ च्या आरंभी कारास्केलला शिकागोला विकून टाकले.

त्याच साली मेक्सिकोच्या पास्केल बंधूंनी आपल्या लीगसाठी थैली मोकळी सोडली. तेथे गोरे-काळे एकाच संघात खेळत. कारास्केल शिकागोऐवजी तिकडे गेला. अमेरिकन बेसबॉलचे कमिशनर चँडलर यांनी अशा खेळाडूंवर पाच वर्षांची बंदी घातली. संपवाल्यांची काळी यादी करतात, तोच हा प्रकार. पुढे गार्डेला नावाचा खेळाडू कोर्टात गेला. फेब्रुवारी १९४९ मध्ये वरच्या कोर्टाने त्याचा दावा चालू द्या म्हटले, आणि जूनमध्ये बंदी उठली. मालकांना दया आली म्हणून नव्हे, हे ध्यानात घ्या.

कारास्केल परतला तेव्हा पस्तिशी उलटून गेली होती. शिकागोने त्याला तीन सामन्यांत चेंडू दिला, आणि संपले. पुढच्याच साली त्याचा पुतण्या चिको त्याच क्लबात आला आणि गाजला.

राखीव कलम मोडले ते डिसेंबर १९७५ मध्ये, लवादापुढे. तो लढा देणाऱ्या खेळाडू-संघटनेचा पुढारी मार्विन मिलर पोलाद-कामगारांच्या युनियनमधून आलेला. कारास्केल १९६९ सालीच कराकसला वारला होता.