एक संकेतस्थळ, अनेक दिनदर्शिका



मंदिर, उपाश्रय, पाठशाळा, भोजनशाळा आणि सभागृह असा ज्या संस्थेचा विस्तार असतो, तिच्या कार्यालयात पूर्वी एक मोठा फळा असे. त्याची जागा आता संकेतस्थळाने घेतली आहे. मात्र फळ्यावरचा गोंधळही पुष्कळदा सोबत गेला आहे. समजा, अक्षय तृतीयेला एका घरच्या वर्षीतपाचे पारणे सभागृहात ठरले आणि त्याच सकाळी तेथेच पाठशाळेची परीक्षाही ठरली. दोन्ही नोंदी संकेतस्थळावर होत्या, परंतु निरनिराळ्या पानांवर. वर्षभर एक दिवसाआड उपवास केलेल्या तपस्वीचे पारणे काही पुढे ढकलता येत नाही. अशा वेळी दोष कोणाला द्यावा?

व्यापारात प्रत्येक आसामीचे खाते खतावणीत स्वतंत्र असते, रोजमेळ मात्र एकच. दिनदर्शिकांचेही तसेच ठेवावे. 2006 साली सुरू झालेल्या गूगल कॅलेंडरमध्ये एकाच खात्यावर अनेक दिनदर्शिका ठेवता येतात. प्रत्येकीला वेगळा रंग देता येतो, नोंद बदलण्याचा अधिकार वेगवेगळ्या व्यक्तींकडे सोपविता येतो आणि सर्व मिळून संकेतस्थळाच्या एका पानावर दाखविता येतात. पाठशाळेची दिनदर्शिका शिक्षिकेने सांभाळावी, भोजनशाळेची व्यवस्थापकाने. सभागृहाची दिनदर्शिका मात्र कार्यालयाच्याच हाती असावी आणि जागेची नोंद प्रथम तेथेच व्हावी. साध्या दिनदर्शिकेत एकाच वेळेच्या दोन नोंदी संगणक निमूटपणे स्वीकारतो. जागा मोकळी आहे का, हे माणसालाच पाहावे लागते. सभागृहाची वेळ ‘भरलेली’ एवढेच लोकांना दिसेल, अशीही सोय तेथे आहे. शोकसभा कोणाच्या घरची, हे साऱ्या जगाला कशाला कळावे?

एकच कार्यक्रम दोन दिनदर्शिकांत उतरवून ठेवण्याचा मोह टाळावा. तारीख बदलली की एक नोंद सुधारते, दुसरी तशीच राहते. एकच बिल दोनदा खतावल्यावर ताळा कसा जुळणार?

खरी कसोटी तिथींची. दिनदर्शिकांच्या देवाणघेवाणीसाठी संगणकक्षेत्रात 1998 साली जो प्रमाण आराखडा ठरला, त्यातील ‘दरवर्षी’ हा नियम इंग्रजी तारखेवर चालतो. 2015 साली त्यात इतर कालगणनांची सोय जोडली गेली, तरी सूर्योदयाची तिथी पाहून पर्वदिवस ठरविण्याचे काम त्या नियमाने होत नाही. भगवान महावीर जन्मकल्याणक 2024 साली 21 एप्रिलला होते, 2025 साली 10 एप्रिलला. पहिल्या वर्षी ‘दरवर्षी’ अशी खूण करून जो निश्चिंत झाला, त्याचे संकेतस्थळ पुढच्या वर्षी अकरा दिवस चुकले. म्हणून पर्वतिथी दरवर्षी पंचांग पाहून हातानेच भराव्यात. शिवाय संवत्सरी कोणाची भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, कोणाची पंचमीला. दिगंबर बांधवांचे दशलक्षण पर्व पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत. सर्वांचे संकेतस्थळ एक असेल, तर प्रत्येक परंपरेची पर्वदर्शिका स्वतंत्र असावी. मग कोणती तिथी खरी, हा वाद निदान संगणकापाशी तरी उद्भवणार नाही.

राहता राहिले ज्येष्ठ. प्रत्येक महिन्याच्या आरंभी एकत्रित पान ठळक अक्षरांत छापून प्रवेशद्वाराजवळच्या जुन्या फळ्यावर लावावे आणि मध्येच बदल झाला तर तो लाल शाईने तेथेही लिहावा.