जरा थांबा, सांगू नका!



कोडं घातलं की मुलं पहिली विनंती एकच करतात, 'थांब, सांगू नकोस!' उत्तर समोरच्याच्या ओठांवर असतं, मागितलं तर लगेच मिळणार असतं, आणि नेमकं तेच नको असतं. आता उत्तर कुणाच्या ओठांवर असण्याचीही गरज राहिलेली नाही. ते आपल्याच खिशातल्या मोबाईलमध्ये असतं. अशा दिवसांत ओळखाओळखीचा खेळ कोण खेळत बसणार, असं तुम्हाला वाटेल. आम्ही खेळतो. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता, व्हिडिओ कॉलवर. आम्ही पुण्यातून, थोरले काका-काकू साताऱ्याहून, आतेबहीण आणि तिची दोन कॉलेजातली मुलं मडगावहून, आणि भाचा त्याच्या बायको-मुलीसह अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून. आपली संध्याकाळ ही त्यांची सकाळ. आमच्याकडे चहा संपत आलेला असतो, त्यांच्याकडे नुकता उकळत असतो.

खेळ अगदी जुना आहे. एकाने मनात काहीतरी धरायचं. माणूस, गाव, वस्तू, काहीही. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. वीस प्रश्नांत ओळखायचं. हा खेळ रेडिओनेही घरोघरी नेला. अमेरिकेत १९४६ साली आणि बीबीसीवर १९४७ साली 'ट्वेंटी क्वेश्चन्स' नावाने तो सुरू झाला. आपल्याकडे रेडिओवरच्या प्रश्नमंजूषा ऐकत एक पिढी मोठी झाली. मग २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आलं आणि प्रश्नोत्तरांबरोबर पैसा आणि टिकटिकणारं घड्याळही दिवाणखान्यात येऊन बसलं. त्या घड्याळाविषयी पुढे बोलायचं आहे.

वीस प्रश्नांत जगातली वाटेल ती गोष्ट कशी ओळखता येईल, असं नवख्याला वाटतं. पण गणित मोठं मजेचं आहे. चांगला प्रश्न प्रत्येक वेळी शक्यता निम्म्यावर आणतो. म्हणजे एका प्रश्नाने दोन गोष्टींतली एक ओळखता येते, दोन प्रश्नांनी चारांतली, दहा प्रश्नांनी एक हजार चोवीसांतली, आणि वीस प्रश्नांनी १०,४८,५७६ गोष्टींतली एक. साडेदहा लाखांच्या जवळपास! अट एवढीच, की प्रश्न नीट निम्मा करणारा हवा.

एकदा आतेबहिणीने मनात धरलं होतं लोणारचं सरोवर. 'सजीव आहे का?' नाही. 'माणसाने केलेलं?' नाही. 'महाराष्ट्रात?' हो. 'तिथे पाणी आहे?' हो. 'ते पाणी गोडं आहे?' नाही. झालं, मुलं कोकणच्या किनाऱ्याकडे धावली आणि चार प्रश्न तिथेच खर्ची पडले. तेव्हा काकांनी शांतपणे विचारलं, 'त्याचा आकाशाशी काही संबंध आहे का?' हो! उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात पडलेलं, बुलढाणा जिल्ह्यातलं ते विवर. उत्तर मुलांनी दिलं, पण वाट काकांनी दाखवली होती. ज्याला पुष्कळ माहीत असतं तोच या खेळात जिंकतो असं नाही. ज्याला नेमकं विचारता येतं, त्याच्यामागे सगळे जातात.

राहिला प्रश्न मोबाईलचा. पडद्यावर फक्त चेहरा दिसतो. टेबलाखाली कोणाचा अंगठा कुठे फिरतोय, हे कोण बघणार? आम्ही कोणी बघतही नाही. भेंड्या खेळताना गाण्याचं पुस्तक मांडीवर उघडून बसलेल्या माणसाबरोबर कोणाला मजा येईल? तसंच हे. शोधून आणलेलं उत्तर बरोबर असतं, पण ते खेळातलं नसतं. हे लहानांनासुद्धा न सांगता कळतं.

मात्र एक अडचण आली, आणि तिने आमचा खेळ जवळजवळ मोडत आणला. मडगावच्या मुलांना तो संथ वाटू लागला. त्यांनी सुचवलं, प्रत्येक प्रश्नाला तीस सेकंद, मग घंटा, आणि गुण लिहायचे. वय लक्षात घेता सूचना रास्तच होती. पण आमच्या काकांना वर्षभरापूर्वी अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेलेला. हात-पाय सावरले, पण शब्द उशिरा येतात. नावं तर जिभेच्या टोकापर्यंत येऊन माघारी जातात. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस! पहिल्या रविवारी घंटेने त्यांना तीनदा अडवलं. दुसऱ्या रविवारी ते म्हणाले, 'तुम्ही खेळा, मी ऐकतो.' तिसऱ्या रविवारी पडद्यावर काकू एकट्याच. 'जरा पडलेत,' म्हणाल्या.

त्या दिवशी कोणाचंच खेळात लक्ष लागलं नाही. घंटा कोणी काढायला लावली नाही. ती मुलांनीच काढली. गुणांची वहीही मिटली. आणि दोन नवे नियम आले. ज्याला उत्तर कळेल त्याने ते बोलून टाकायचं नाही, नुसता हात वर करायचा. आणि नाव आठवलं नाही तरी चालेल. ओळख बरोबर सांगितली, की उत्तर बरोबर.

पुढच्या रविवारी मुलांनी स्वतः फोन करून काकांना बोलावून घेतलं. त्या दिवशी न्यू जर्सीच्या दहा वर्षांच्या नातीची पाळी होती. माणूस? हो. हयात? नाही. पुरुष? नाही. महाराष्ट्रातली? हो. परदेशी गेली होती? हो. दोघातिघांचे हात वर गेले. आम्ही गप्प. काका सावकाश बोलू लागले, 'टपालखात्यातल्या माणसाची बायको... तिकडून डॉक्टर होऊन आली. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूकही झाली होती... पण आली तीच आजारी होऊन.'

'बरोबर, पणजोबा!' नात ओरडली. 'नाव मी सांगू?'

'थांब,' काका म्हणाले, 'सांगू नकोस.'

आम्ही पुढचा डाव सुरू केला. तो अर्ध्यावर आला असेल-नसेल, काकांनी मध्येच हात वर केला. 'आनंदी,' ते म्हणाले. 'आनंदीबाई जोशी.' काकूंनी पदर डोळ्याला लावलेला आम्हाला सगळ्यांना दिसला.

मग शिक्षक जागा झाला. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात मृत्यू, वय अवघं एकवीस. अमेरिकेत त्यांना लेकीसारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाई न्यू जर्सीतल्याच, रोझेल गावच्या. आनंदीबाईंच्या अस्थी त्यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीतल्या जागेत त्या विसावल्या. भाचा इतकी वर्षं तिथून काही तासांवर राहतो. हे त्याला त्या दिवशी कळलं. महिन्याभराने तो मुलीला घेऊन तिथे जाऊन आला. त्या दगडापाशी उभ्या असलेल्या मुलीचा फोटो आता काकांच्या उशाशी असतो.

मंडळी, उत्तरं आज कोणालाही, कुठेही, फुकट मिळतात. ती मिळावीतच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्याला आठवेपर्यंत कोणीतरी समोर बसून वाट बघतंय, हे मात्र कोणत्याही यंत्रात शोधून सापडत नाही. तुमच्याही घरात शब्द शोधत राहणारं कोणी वडीलधारं असेल. त्यांचं वाक्य घाईने पुरं करू नका. वीस प्रश्न घ्या, घंटा लावू नका, आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या. तो बहुधा नेमका निम्मा करणारा निघेल.