सोवळें आणि स्वच्छता



सोवळें आणि स्वच्छता हे दोन शब्द आपण इतके जवळ जवळ ठेवितों, कीं त्यांच्या अर्थांतील अंतर आपल्या ध्यानांतच येत नाहीं. सोवळें विचारतें, 'स्पर्श कोणाचा झाला?' स्वच्छता विचारते, 'पाण्यांत काय मिसळलें?' पहिल्या प्रश्नाचें उत्तर जातीवर अवलंबून असतें, दुसऱ्याचें नसतें. पटकी व विषमज्वर यांचे जंतु मळांतून पाण्यांत आणि पाण्यांतून मुखांत जातात. वाटेंत ते कोणाचें गोत्र विचारीत नाहींत.

या दोन कल्पनांतील विरोध महाडास उघड झाला. तेथील चवदार तळें नगरपालिकेनें ठराव करून सर्वांस खुलें केलें होतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी त्या तळ्याचें पाणी प्याले. त्यानंतर सनातनी मंडळींनीं तळें बाटलें असें ठरवून त्यांत शेण, गोमूत्र, दूध व दहीं यांच्या घागरी ओतल्या. माणसांच्या ओंजळींनीं जें पाणी बिघडलें नव्हतें, तें या शुद्धीनें मात्र खचित बिघडलें असेल!

आतां घराकडे वळूं. जुन्या वाड्यांत देवघर आंत, आणि शौचकूप परसाच्या टोंकास. मैल्याची टोपली उचलणारा माणूस मागच्या बोळानें येई व त्याच बोळानें जाई. तो कोणाच्या दृष्टीस पडत नसे. म्हणून त्या घाणीचें पुढें काय होतें, हा प्रश्नही घरांतील सुशिक्षितांस पडत नसे.

ती वृत्ति अद्यापि गेलेली नाहीं. २०१४ सालीं स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यावर कोट्यवधि संडास बांधले गेले. त्यांत दोन खड्ड्यांची रीत स्वस्त व निर्धोक आहे. एक खड्डा भरला, कीं तो बंद करून दुसरा वापरावा. वर्षा-दोन वर्षांत पहिल्यांतील मळाचें निर्गंध खत होतें. परंतु तें खत उपसणें 'आपलें काम नव्हे', या समजुतीपायीं पुष्कळ कुटुंबें अवाढव्य खड्डा खणवितात, किंवा संडास असूनही उघड्यावर जातात. मग पावसाबरोबर तो मळ विहिरींत उतरतो, आणि अतिसारानें सर्वच आळ्यांतील बालकें आजारी पडतात. हा संकोच मोडावा म्हणून २०१७ सालीं केंद्रीय स्वच्छता खात्याच्या सचिवांनीं तेलंगणांतील गंगादेवीपल्ली येथें स्वतः खड्ड्यांत उतरून खत काढलें.

शहरांत तर प्राणांचाच प्रश्न आहे. हातानें मैला साफ करविण्यास १९९३ व २०१३ च्या कायद्यांनीं बंदी केली. तरीही गटारांत माणसें उतरविलीं जातात आणि विषारी वायूनें गुदमरून मरतात. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा मृत्यूची भरपाई तीस लक्ष रुपये ठरविली. पण भरपाईनें बाप परत येत नाहीं.

शाळेंत आम्ही आरोग्याचा पाठ शिकवीत असूं, आणि मुलें उत्तरें चोख लिहीत. परंतु शाळेचा संडास कोणीं धुवावा, हा प्रश्न कोणत्याही परीक्षेंत आला नाहीं. तो आप्पा पटवर्धनांनीं सोडविला. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत भंगीकाम करूं द्यावें, म्हणून त्यांनीं अन्नाचा त्याग आरंभिला, आणि येरवड्यास गांधीजींनीं त्यांच्यासाठीं उपवास केला. कैद्यांस जातीवरून काम वांटून देणारे तुरुंगांचे नियम सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविले ते मात्र २०२४ सालीं!

आपणांस उपवासाची आवश्यकता नाहीं. आपला संडास घरांतील प्रत्येकानें पाळीपाळीनें धुवावा, मुलग्यांनींही. आणि सोसायटीची टाकी उपसावयाची झाल्यास यंत्राचाच आग्रह धरावा, मग दोन पैसे अधिक कां पडेनात. एवढें झालें, तरी आरोग्याचा पाठ पुस्तकांतून घरांत आला असें म्हणतां येईल.