नाणें टाका, अत्तर घ्या

लग्नमंडपाच्या दाराशीं अत्तरदाणी आणि गुलाबदाणी घेऊन कोणी उभा असे, तेव्हां मनगटावर लागणाऱ्या त्या थेंबाची किंमत पाहुण्याला कधीं विचारावी लागली नाहीं. यजमानानें द्यावयाचें, पाहुण्यानें घ्यावयाचें, असा तो रिवाज. आतां त्याच थेंबाचें विलायती भावंड भिंतीवरच्या एका पेटींतून दहा-वीस रुपयांना मिळूं लागलें आहे. थोडें भांडवल जवळ असलेल्या होतकरू तरुणास किंवा घर सांभाळून कांहीं उद्योग करूं इच्छिणाऱ्या गृहिणीस हा धंदा मोठा सोपा वाटतो. दुकान नाहीं, नोकर नाहीं. यंत्र आपोआप विकणार आणि मालकानें महिन्याकांठीं पैसे मोजावयाचे! श्रोतेहो, या ‘आपोआप’ शब्दाचीच आज थोडी झडती घ्यावयाची आहे. कारण त्यावर विसंबून घरांतली शिल्लक खर्ची पडते.

कल्पना मात्र नवी नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या हेरॉननें एका पात्राचें वर्णन केलें आहे. त्यांत नाणें पडलें कीं त्याच्या भारानें तरफ कलावी, झडप उघडावी आणि देवळांतलें पवित्र पाणी मोजकें बाहेर यावें, अशी योजना होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेंत रुमालावर सुगंध फवारणारीं नाण्याचीं यंत्रेंहि निघालीं. आजच्या पेटींत तरफेच्या जागीं विजेची मोटार आली आणि २०१६ सालीं यूपीआय सुरू झाल्यापासून नाण्याबरोबर मोबाईलहि चालूं लागला, इतकाच काय तो फरक. आंत तीन-चार बाटल्या, प्रत्येकीला नळी, पंप आणि बारीक भोकाची तोटी. पैसे पोंचले कीं पंप ठराविक वेळां दाबला जातो.

येथें एक भ्रम दूर करावयास हवा. कनोजचें उत्तम अत्तर आणून या पेटींत भरावें, असा विचार पुष्कळांच्या मनांत येतो. तो स्वदेशी आणि सुंदर असला तरी चालणारा नाहीं. कनोजला देग आणि भपका यांनीं काढलेलें अत्तर परंपरेनें चंदनाच्या तेलांत उतरवितात. तें तेल दाट. बारीक तोटींतून त्याचें तुषार होत नाहींत, तोटी मात्र तुंबते, आणि उडालेंच तर सदऱ्यावर डाग पडतो. त्याचें स्थान कानांतल्या फायाला! यंत्राला मद्यार्कांत विरघळविलेला पातळ सुगंधच लागतो.

आतां हिशेब. समजा, १०० मिलिलिटरची बाटली २००० रुपयांस आणली. एका दाबासरशीं सुमारें ०.१ मिलिलिटर बाहेर येतें, म्हणजे बाटलींत हजार फवारे. गिऱ्हाइकास तीन फवारे द्यावे आणि २० रुपये घ्यावे. त्यांत सुगंधाचे ६ रुपये गेले, १४ उरले. कागदावर हा आंकडा इतका गोड दिसतो कीं पुष्कळजण येथेंच पेन्सिल खालीं ठेवतात. परंतु भिंत कोणाची तरी असते. तिचें भाडें महिना ३००० रुपये धरलें, तर रोज सात गिऱ्हाइकें येऊनहि तें पुरतें निघत नाहीं. आठवें आलें तर निघतें. रोज पांचच आलीं, तर महिन्याला ९०० रुपये पदरचे घालावे लागतात. बारा आलीं, तर भाडें जाऊन २०४० उरतात. त्यांतून जाण्यायेण्याचे व दुरुस्तीचे ५०० वजा करा. यंत्र ४०,००० रुपयांचें असेल, तर तेवढे पैसे परत येण्यास सव्वीस महिने हवेत, आणि यांत वीज आणि कर अजून धरलेलेच नाहींत. सव्वीस महिने तें यंत्र बिनतक्रार चालेल काय, हा प्रश्न विक्रेत्याला सहसा कोणी विचारीत नाहीं.

तेव्हां नवशिक्यानें ठरलेलें भाडें कबूल करूं नये. विक्रींतला हिस्सा द्यावा. चौथाई दिली तरी बिघडत नाहीं. विक्री झाली नाहीं तर देणेंहि नाहीं, आणि जागेच्या मालकालाहि पेटी चालावी असें वाटूं लागतें. जागा निवडतांना नुसती गर्दी पाहूं नये. लोकलच्या फलाटावर माणसें हजारों. पण धांवणारा माणूस सुगंध घेत नाहीं. व्यायाम करून, आंघोळ उरकून आरशासमोर केस विंचरणारा घेतो. मंगल कार्यालयांत तर पाहुण्यांपुढें पैशाची फट ठेवणें हें अशोभनीयच. तेथें दिवसाची ठराविक रक्कम यजमानाकडून घ्यावी आणि यंत्र पाहुण्यांस मोकळें ठेवावें. जुना रिवाजहि राखला जाईल.

सर्वांत नाजूक गोष्ट विश्वासाची. दुकानांत गिऱ्हाईक बाटली पाहतें, दुकानदाराचा चेहरा पाहतें. पेटींत दोन्ही लपलेलीं. नामांकित कंपनीची चिठ्ठी बाहेर आणि हलकें मिश्रण आंत, हा मोह म्हणूनच या धंद्यांत फार. तो शुद्ध लबाडीचा मार्ग आहे, आणि धोक्याचाहि. स्वस्तांतला मद्यार्क विषारी मिथिल जातीचा निघूं शकतो. शिवाय घरीं केलेलें मिश्रण विकणें हें १९४० च्या औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायद्याप्रमाणें उत्पादन ठरतें आणि त्यास परवाना लागतो. मूळ बाटली कांचेआड दिसूं द्यावी, खरेदीची पावती जपावी, आणि पैसे जाऊन फवारा न आल्यास कोठें कळवावें तो क्रमांक पेटीवर ठळक लिहावा.

आगीचेंहि भान हवें. मद्यार्काची वाफ वीस अंश सेल्सिअसच्या आंतच ठिणगी मिळाल्यास पेट घेऊं शकते, आणि मुंबई-पुण्याची हवा बहुधा याहून उष्णच. म्हणून उपाहारगृहाच्या शेगडीजवळची किंवा धूम्रपानाच्या कोपऱ्यांतली जागा फुकट मिळाली तरी नको. भर उन्हाची भिंतहि टाळावी. उष्णतेनें आणि प्रकाशानें सुगंध बिघडतो. तोटी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर नसावी.

पहिलें यंत्र घरापासून पायीं जातां येईल इतक्या अंतरावरच असावें. आठवड्यांतून दोनदां तोटी पुसावी, बाटलीची पातळी पाहावी, आणि एका साध्या वहींत तीन आंकडे मांडावे: यंत्रानें मोजलेले फवारे, बाटलींतून कमी झालेला सुगंध आणि हातीं आलेले पैसे. फवारे आणि पैसे जुळतात, पण बाटली अधिक रिकामी झाली आहे, असें दिसलें तर नळी गळते किंवा पंप अधिक सोडतो. बाटली आणि फवारे जुळून पैसे कमी भरले, तर पेटीची किल्ली आणखी कोणाकडे आहे याची चौकशी त्याच दिवशीं करावी. दुसरें यंत्र घ्यावें कीं नाहीं, हें सहा महिन्यांनीं त्या वहीला विचारावें.