कोतवालाच्या वहीतल्या तीन मुली

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी इतिहासाचा अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. गेली चारेक वर्षं सुट्टीच्या दिवशी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, नाहीतर गावच्या शाळेत जुनी रजिस्टरं चाळतो. बायको म्हणते, लोक शनिवारी सिनेमाला जातात आणि हा माणूस धूळ खायला जातो. ही धूळ कशासाठी खाल्ली आणि तिच्यातून काय निघालं, ते आज सांगतो.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. आम्ही तिथले मुलाणी. जुन्या गावगाड्यात मुलाण्याचं काम ठरलेलं होतं. मशिदीची, दर्ग्याची दिवाबत्ती करायची, बकरं हलाल करायचं, निकाह-मयतीला हजर राहायचं. त्याबद्दल सुगीला धान्याचं बलुतं मिळायचं आणि कुठेकुठे इनामाची जमीन असायची. हे मला लहानपणी कुणी नीट सांगितलं नव्हतं. चाचा सांगायचे ते वेगळंच. आपले पूर्वज अरबस्तानातून घोड्यावरून आले म्हणायचे. कोणते पूर्वज, कधी, असं विचारलं की चहा मागवायचे.

सुरुवात झाली पुतणीच्या ॲडमिशनपासून. ओबीसीतून जागा मिळाली होती, पण जातवैधता प्रमाणपत्र हवं होतं. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. घरातल्या सगळ्यांचे शाळेचे दाखले काढले, तर जातीच्या रकान्यात एकच शब्द: मुसलमान. ज्या गुरुजींनी शेजारच्या मुलापुढे कुंभार, त्याच्या पलीकडच्यापुढे माळी लिहिलं, त्यांना आमच्या अब्बांपुढे मुलाणी लिहायची गरज वाटली नाही. धर्म लिहिला की आमचं सगळं सांगून झालं, अशी समजूत. तुमच्यातल्या तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी घरांतल्यांना हे नवीन नसेल. हा एक शब्द पुढच्या दोन पिढ्यांना कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायला लावतो.

कुणीतरी सांगितलं, कोतवाल बुक बघा. त्याचं नाव गाव नमुना १४, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची नोंदवही. मूल जन्मलं की कोतवाल तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढं नोंदवायचा. बाळाचं नाव बहुतेक वेळा नसायचं, कारण तोवर ठेवलेलंच नसायचं. दोन महिने अर्ज-विनंत्या केल्यावर आमच्या गावच्या वह्या बघायला मिळाल्या. काही वाळवीनं खाल्लेल्या, काही मोडीत, पुढच्या बाळबोधीत. आणि एका पानावर आजोबांच्या जन्माची नोंद होती. जातीच्या रकान्यात स्वच्छ लिहिलं होतं, ‘मुलाणी’. पुतणीचं काम झालं. माझं मात्र तिथून सुरू झालं.

आता थोडं तंत्र सांगतो, म्हणजे तुम्हाला उद्या सुरुवात करता येईल.

पहिला कागद घरातली सगळ्यात म्हातारी बाई. हो, बाईच. पुरुषांना शेताच्या बांधाचा वाद आठवतो. कोण कुणाची फुफी, कुठली मुलगी कुठल्या गावी दिली, हे बायांना आठवतं. सांगतील ते रेकॉर्ड करा. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका आणि लगेच खोडूही नका.

मग सातबारा. त्यावर वर्तुळात आकडे असतात, ते फेरफारांचे नंबर. फेरफार म्हणजे गाव नमुना ६. जमिनीवरचं नाव का बदललं, कोण मयत झालं, वारस कोण, ते तिथे असतं. एका फेरफारावरून त्याच्या आधीच्या फेरफारावर जात राहायचं. आमच्या मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. त्यामुळे नशीब चांगलं असेल तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पोचता येतं. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून सरकारच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर ठेवलेत. बाकीच्यांसाठी कचेरीत जाऊन नकलेचा अर्ज करायचा. भूमी अभिलेख खात्यात कडईपत्रकं असतात, तीही मागा. मराठवाड्यातल्या मित्रांचा रस्ता वेगळा. तिथे निजामाच्या काळातले कागद उर्दूत आहेत, पुढे १९५४ च्या सुमारची खासरा पत्रकं आहेत.

घराण्याकडे इनाम किंवा वतन असेल तर आणखी मागे जाता येतं. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशनला अधिकार दिले आणि गावोगावच्या इनामदारांना विचारलं, ही जमीन तुमच्याकडे कुठून आली? लोकांनी कैफियती लिहून दिल्या. इनाम कुणाकडून कुणाकडे आलं हे सांगायचं तर वंशावळ द्यावीच लागायची. पुण्याच्या पुरालेखागारात अशा कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं. पण ते मोडीत आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. मी सहा महिने मोडी शिकलो. अजूनही अडखळत वाचतो, जाणकाराला दाखवल्याशिवाय काही पक्कं धरत नाही.

त्या कागदांच्या भाषेनं मला चकित केलं. ‘मौजे’, ‘वारस’, ‘मयत’, ‘इनाम’, ‘फेरफार’ हे शब्द आपण रोज वापरतो. पण कागदात मराठा पाटलाचं नाव ‘अमुक बिन तमुक’ असं असतं. कुठे ‘वलद’ असतं. बिन काय, वलद काय, दोन्ही अरबी. अर्थ एकच, मुलगा. पेशवाईतल्या कागदावर साल ‘सलास मयातैन व अलफ’ असं लिहिलेलं सापडतं. तीन, दोनशे आणि हजार, म्हणजे १२०३. हा शुहूर सन, तो मृगाला बदलतो. त्यात ५९९ मिळवले की १८०२ चा जून येतो. ब्राह्मण कारकून अरबी आकड्यांत साल लिहितोय, शेतकऱ्याचं नक्षत्र धरून वर्ष मोजतोय आणि कागद आहे मुलाण्याच्या जमिनीचा. ‘तुम्ही मूळचे कुठले’ असं मला ऑफिसात विचारतात, तेव्हा हा कागद आठवतो.

आता इंजिनिअरचं काम. एकच माणूस वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळ्या रूपात येतो. हुसेनचा उशेन होतो, इब्राहीमचा इभ्राम, कासिमचा काशीम. आडनाव एका ठिकाणी मुलाणी, दुसरीकडे शेख, तिसरीकडे काहीच नाही. मी आधी उत्साहानं प्रोग्राम लिहिला. मिळतीजुळती नावं शोधून तो माणसं एकत्र करायचा. त्यानं एका संध्याकाळी माझ्या पणजोबांची दोनदा मयत लावली आणि दोन्ही मयतींच्या मध्ये त्यांना एक मूलही दिलं. तेव्हा कळलं की आजोबाचं नाव नातवाला ठेवायची चाल आपल्यात आहे, आणि यंत्राला ती ठाऊक नाही.

त्यातून एक नियम शिकलो. नोंद वेगळी ठेवायची आणि माणूस वेगळा. आधी प्रत्येक नोंद जशीच्या तशी उतरायची, चुकीच्या स्पेलिंगसकट, पान नंबरसकट. ही नोंद अमक्याची, असं मला वाटतं, ते दुसऱ्या रकान्यात लिहायचं आणि का वाटतं ते तिसऱ्यात. दोन स्वतंत्र खुणा जुळल्याशिवाय, म्हणजे बापाचं नाव आणि गट नंबर, किंवा वय आणि भावाचं नाव, दोन नोंदी एकत्र करायच्या नाहीत. जिथे कागद संपतो तिथे आपण थांबायचं. चाचांचे अरबस्तानचे घोडे मला कुठे सापडले नाहीत. ते आले नव्हते असं मी म्हणणार नाही. पण कागदातला सगळ्यात जुना पूर्वज याच गावचा मुलाणा आहे, आणि त्यात मला लाज वाटत नाही.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायला अवघड आहे.

कोतवाल बुकात आजोबांची नोंद शोधताना मी त्यांच्या आगेमागची पानंही उतरून घेतली होती. बाप तोच, जात तीच, पाच मुलं. दोन मुलगे, तीन मुली. तिन्ही मुलींपुढे नावाची जागा कोरी. मग पणजोबांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार काढला. त्यात लिहिलं होतं: खातेदार मयत, वारस मुलगे दोन, याशिवाय दुसरे वारस नाहीत. त्यांची बायकोही त्या वेळी हयात होती. तिच्या मृत्यूची नोंद सात वर्षांनंतरची आहे. पुढे सातबाऱ्यावर थोरल्या भावाचं नाव ‘एकुमॅ’ म्हणून लागलं. एकत्र कुटुंब मॅनेजर! मुस्लिम वारसा कायद्यात असं एकत्र कुटुंब नाहीच. पण तलाठ्याच्या हाताला तेच वळण होतं आणि आमच्या घरालाही ते सोयीचं होतं.

जमीन होती १२ एकर. हिशेब करा. मुलं असतील तर बायकोला आठवा हिस्सा, म्हणजे दीड एकर. उरलेल्याचे मुलाला दोन आणि मुलीला एक असे सात भाग. प्रत्येक मुलीला दीड एकर, प्रत्येक मुलाला तीन. मुलाच्या निम्मा हिस्सा मुलीला का, यावर आपण या शिबिरात वाद घालतोच, घातलाच पाहिजे. पण जो निम्मा कुराणानं सांगितलाय तोसुद्धा आमच्या घरानं दिला नव्हता. १९३७ च्या शरीयत कायद्याच्या कलम २ नं शेतजमीन आधीच बाजूला ठेवली होती. तरी मी कायद्याच्या फटीला दोष देऊन मोकळा होणार नाही. दुसरे वारस नाहीत, हा जबाब कचेरीनं दिलेला नव्हता. तो आमच्या आजोबांनी आणि त्यांच्या भावानं दिला होता. खाली अंगठे आहेत.

मी हे घरी सांगितलं. चाचा म्हणाले, “गाडे सो मुर्दे कायकू उकरता रे?” अब्बा काही बोलले नाहीत. रात्री दादीनं मला जवळ बोलावलं आणि तीन नावं सांगितली, आपल्या तीन नणंदांची. एक बाळंतपणात गेली होती. एक मुंबईला दिली, तिचं पुढे काय झालं कुणाला माहीत नाही. तिसरी शेजारच्या तालुक्यात दिली होती आणि दर मोहरमला माहेरी यायची. येताना गूळ आणायची. जमिनीबद्दल एकदा बोलली, त्यानंतर येणं बंद झालं. दादी म्हणाली, “मी तवा नवी नवरी, मी काय बोलणार?”

तिसरीचं घर मी शोधलं. तिचे नातू भेटले. मी झेरॉक्स पुढे ठेवली. मोठ्या नातवानं ती दोनदा वाचली आणि विचारलं, “आता हे आम्हाला का दाखवताय?” माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. १२ एकरांपैकी चारच उरलेत, बाकी दुष्काळात आणि लग्नकार्यांत विकले गेले. चार एकरांवर चाचांची मुलं कसतात. दोन्ही घरांची एक बैठक झाली, ठराव काही झाला नाही. चाचा माझ्याशी वर्षभर बोलत नव्हते. हे प्रकरण मिटलं असं खोटं मी इथे सांगणार नाही.

पण एक गोष्ट माझ्या हातात होती. दोन वर्षांपूर्वी अब्बा गेले. वारसाच्या नोंदीचा अर्ज करायला गेलो, तेव्हा ओळखीच्या गृहस्थांनी आपुलकीनं सुचवलं, बहिणींचं हक्कसोड पत्र आत्ताच करून घ्या, पुढे कटकट नको. मी नको म्हटलं. अम्मी, दोन्ही बहिणी आणि मी, चौघांची नावं फेरफारावर लागली. धाकटी बहीण तो उतारा बघून म्हणाली, “भाईजान, मेरा नाम पहली बार किसी सरकारी कागज पर खेत के साथ आया.” तिला त्या जमिनीतून उत्पन्न काही नाही. तरी तिनं उताऱ्याची घडी पर्समध्ये ठेवली.

शेवटी दोन गोष्टी. २०१९-२० च्या हिवाळ्यात आपल्यापैकी अनेकांनी आजोबांचे कागद भीतीनं शोधले. ती भीती मला समजते. पण कोतवालाच्या अक्षरावर कुणाचं नागरिकत्व टांगलेलं असू नये, हे ठामपणे बोलत राहिलं पाहिजे. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांचे कागदही नाहीत. म्हणून ते या मातीचे कमी ठरत नाहीत. आपण वंशावळ काढायची ती कुणाला दाखवण्यासाठी नाही, आपलं आपल्याला कळावं म्हणून.

दुसरी गोष्ट. घरी जाल तेव्हा वंशवृक्ष काढा, पण मुलींची नावं गाळून काढू नका. जिथे नाव मिळत नाही तिथे कोरी चौकट ठेवा, पुसू नका. हयात माणसांची माहिती त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका. आणि घरातला शेवटचा वारस-फेरफार काढून वाचा. त्यात तुमच्या फुफीचं नाव आहे का बघा. नसेल तर ती हयात आहे तोवर तिच्याकडे जा. मला उशीर झाला. तुम्हाला होऊ नये.

प्रश्न असतील तर विचारा.